जुना संगणक आणि जपलेली वही

दिवाळीतील वहीपूजनाचे ताट गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हळूहळू बदलत गेले. लाल कापडी पुठ्ठ्याच्या चोपडीशेजारी आधी कॅलक्युलेटर आला, मग एके वर्षी संगणकाच्या पेटीला हळदकुंकू लागले आणि त्यानंतर हिशेबाची प्रत ठेवलेला पेनड्राइव्हही ताटात विसावला. परंतु वही आणि संगणक यांत एक मोठा भेद आहे. वही वर्षाची असते. वर्ष सरले की ती बांधून माळ्यावर जाते, आणि एखाद्या वर्षीच्या वहीला वाळवी लागली तरी उरलेल्या वर्षांच्या वह्या शाबूत राहतात. संगणक मात्र तोच राहतो. दहा-बारा वर्षांची रोजकीर्द, खतावणी, येणे-देणे, त्यांच्या सोबतीला लग्नकार्याची छायाचित्रे आणि दिवंगत माणसांचे आवाज, हे सारे एकाच पत्र्याच्या पेटीत साठत जाते. ती पेटी जुनी झाली की काय करायचे, हा प्रश्न आज असंख्य व्यापारी घरांपुढे उभा आहे.

अशाच एका घराचे उदाहरण घ्यावे. सांगलीकडील बाजारपेठेच्या गावी गूळ-हळदीची अडत, तीन पिढ्यांचा व्यवहार. पेढीमागच्या खोलीत २०१३ साली घेतलेला संगणक. आला तेव्हा त्यात ‘विंडोज ७’ होते. पुढे मायक्रोसॉफ्टने वर्षभर मोफत देऊ केले तेव्हा, २०१६ मध्ये, गावातील दुरुस्ती करणाऱ्याने त्यावर ‘विंडोज १०’ चढविले आणि ‘उगाच संगणक मंद होतो’ म्हणून आपोआप होणारी अद्ययावतीकरणे बंदही करून ठेवली. त्या दिवसापासून कोणी त्याला हात लावला नाही. सुरू व्हायला सात-आठ मिनिटे लागत. तेवढ्यात अण्णांचा चहा होत असे.

मग दिवाळीच्या तोंडावर पडद्यावर सूचना झळकू लागली. या कार्यप्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपत आहे, असे तीत लिहिले होते. पुण्याहून सुटीला आलेल्या नातीने ती वाचून दाखविली.

“चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?” अण्णा म्हणाले.

“आजोबा, कुलूप चालतंय, पण त्याची किल्ली बाजारात विकायला आली तर?” नात म्हणाली.

अण्णांचा प्रश्न चुकीचा नव्हता. व्यापाऱ्याची पहिली शिकवण हीच असते की, जे बिनबोभाट चालले आहे ते मोडू नये. परंतु नातीचे उत्तरही तितकेच खरे होते, आणि ते समजून घेण्यासाठी अद्ययावतीकरण म्हणजे नेमके काय, हे पाहावे लागते.

आधार संपतो म्हणजे काय होते?

संगणकातील कार्यप्रणाली ही कोट्यवधी ओळींची रचना असते. इतक्या मोठ्या रचनेत उणिवा राहतातच. संशोधकांना, आणि त्यांच्या जोडीने चोरांनाही, त्या एकेक करून सापडत जातात. सापडलेल्या उणिवेवर कंपनी जे ठिगळ लावते, तेच अद्ययावतीकरण. त्यातील काहींनी नव्या सोयी मिळतात. परंतु सर्वांत महत्त्वाची असतात ती सुरक्षेची ठिगळे. आधार संपतो याचा अर्थ संगणक बंद पडतो असा नाही. तो दुसऱ्या दिवशीही पूर्वीसारखाच सुरू होतो. फक्त त्यानंतर सापडणाऱ्या उणिवांवर ठिगळ मिळत नाही.

हा काळाचा नियम प्रत्येक आवृत्तीला लागू झाला आहे. ‘विंडोज एक्सपी’चा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, ‘विंडोज ७’चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि जुलै २०१५ मध्ये आलेल्या ‘विंडोज १०’चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. कार्यप्रणाली मागे पडली की बाकीची सॉफ्टवेअरही तिची साथ सोडतात. गूगल क्रोम या ब्राउझरने फेब्रुवारी २०२३ पासून ‘विंडोज ७’साठी नव्या आवृत्त्या देणे थांबविले. जुना ब्राउझर असला की बँकेची, जीएसटीची किंवा प्राप्तिकराची संकेतस्थळे आज ना उद्या कुरकुर करू लागतात.

ठिगळ न लावण्याची किंमत जगाने एकदा मोजलेली आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर उणिवेवर ठिगळ दिले. ते ज्यांनी लावले ते वाचले. दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी, त्याच उणिवेतून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांतील लाखो संगणकांवरील फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि त्या सोडविण्यासाठी बिटकॉइनमध्ये तीनशे डॉलरची मागणी पडद्यावर लावली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. बाधित संगणकांत सर्वांत मोठा भरणा ‘विंडोज ७’चा होता. म्हणजे त्यांच्यासाठी ठिगळ उपलब्ध होते. ते लावलेले नव्हते, एवढेच.

खंडणीखोर विषाणू पेढी लहान की मोठी हे पाहत नाही. ज्या घरातील उधारीची खाती एकाच संगणकात आहेत, त्या घराला ती गमावणे म्हणजे कोणाकडून किती येणे आहे, याची आठवणच पुसली जाणे होय. शिवाय कायद्याचा प्रश्न उरतोच. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. ‘संगणक बिघडला’ हे उत्तर अधिकाऱ्यापुढे फार वेळ टिकत नाही.

पेनड्राइव्हमध्ये काय होते?

नातीने अद्ययावतीकरणाला हात घालण्यापूर्वी एकच गोष्ट मागितली: हिशेबाची प्रत. अण्णांनी अभिमानाने कपाट उघडून पेनड्राइव्ह काढून दिला. दर दिवाळीला दुकानातील मुलगा त्यात ‘टॅली’ उतरवून देत असे आणि तो पूजेत ठेवला जाई. नातीने तो आपल्या लॅपटॉपला लावला. आत टॅलीचे चित्र होते. ते उघडेना. आकार पाहिला तर अवघा दोन किलोबाइट.

वर्षानुवर्षे ज्याची प्रत घेतली जात होती, ते टॅलीचे हिशेब नव्हतेच. तो होता पडद्यावरचा शॉर्टकट, म्हणजे हिशेब कोठे ठेवले आहेत तिकडे बोट दाखविणारी खूण. तिजोरीची प्रत म्हणून तिजोरीच्या खोलीकडे जाणारा बाण रंगवून ठेवावा, तसा हा प्रकार. बारा वर्षांचे हिशेब त्या एका जुन्या डिस्कवर होते आणि तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि नातीच्या शेजारी बसले.

ही चूक एका घरापुरती नाही. म्हणून जुन्या संगणकाच्या बाबतीत पहिले काम अद्ययावतीकरणाचे नसून प्रतीचे आहे, आणि प्रत म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे. टॅलीमध्ये प्रत्येक कंपनीचा डेटा आकड्यांच्या नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये साठविलेला असतो. तो कोठे आहे, तो मार्ग कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतो. ते संपूर्ण फोल्डर उचलावे, किंवा टॅलीतीलच बॅकअपची सोय वापरावी. नंतर ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या खात्याची शिल्लक मूळ शिल्लकेशी ताडून पाहावी. ताळा जमला तरच ती प्रत. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, ती नाहीच असे समजावे.

प्रती तीन असाव्यात. एक संगणकातील मूळ, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी घर-दुकानाबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाच्या घरी. बाहेरची डिस्क काम होताच काढून ठेवावी. ती कायम जोडलेली राहिली, तर खंडणीखोर विषाणू मुळाबरोबर प्रतीलाही कुलूप लावतो.

नव्या आवृत्तीत काय हरवते?

कार्यप्रणाली बदलताना ज्या गोष्टी हरवतात, त्यांची यादी आधी केलेली बरी. व्यापारी घरात त्या ठरावीक असतात.

पहिली गोष्ट टॅलीचा परवाना. तो त्या विशिष्ट संगणकाशी बांधलेला असतो. संगणक कोरा करण्यापूर्वी परवाना ‘सरेंडर’ करावा आणि नंतर पुन्हा सुरू करून घ्यावा; अन्यथा खटपट वाढते. तसेच जुन्या आवृत्तीतील डेटा नव्या आवृत्तीत एकदा रूपांतरित झाला की तो जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही. म्हणून रूपांतरापूर्वीची प्रत वेगळी जपावी.

दुसरी गोष्ट डिजिटल स्वाक्षरीचा टोकन. त्याचे ड्रायव्हर नव्याने बसवावे लागतात. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचेही तेच. नव्या कार्यप्रणालीसाठी ड्रायव्हर मिळतो की नाही, हे आधी पाहून ठेवावे. बिले छापण्याच्या वेळी शोधाशोध करू नये.

तिसरी गोष्ट डॉसच्या काळातील हिशेबाचे प्रोग्राम. फॉक्सप्रोमध्ये स्थानिक प्रोग्रामरकडून करून घेतलेली अडतीची पट्टी काही पेढ्यांत अजून चालते. असे प्रोग्राम ३२ बिट विंडोजवर निभावून जातात, पण ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि ‘विंडोज ११’ केवळ ६४ बिटमध्येच मिळते. त्यांतील जुने हिशेब आधीच छापून किंवा एक्सेलमध्ये काढून घ्यावेत.

चौथी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे मराठी अक्षरे. आज आपण युनिकोडमध्ये लिहितो, परंतु पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका, संस्थेची इतिवृत्ते, घराण्याची वंशावळ हे सारे बहुधा पुण्याच्या ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालीच्या किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले असते. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसते. फाइल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही. म्हणून विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ फोल्डरचीही प्रत घ्यावी आणि महत्त्वाच्या फायली जुन्याच संगणकावर पीडीएफ करून ठेवाव्यात. या घरात अण्णांनी स्वतः टंकलेली सात पिढ्यांची वंशावळ अशाच फॉन्टमध्ये होती. तिची पीडीएफ झाली तेव्हा नातीने पहिल्यांदा आपल्या पणजीचे माहेर वाचले.

पेटी उघडल्यावर

जुना संगणक मंद आहे म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. बहुतेक वेळा दोष फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसविली आणि रॅम चार जीबीवरून आठ जीबी केली, तर बारा वर्षांचा संगणकही पुन्हा तरतरीत होतो. जुन्या डिस्कवरील सर्व काही जसेच्या तसे एसएसडीवर उतरविता येते. ते झाले की जुनी डिस्क पुसू नये. नाव-तारीख लिहून कपाटात ठेवावी. त्या दिवसाची ती आयती प्रत असते.

पेटी उघडलीच आहे, तर आतील धूळ काढावी आणि नाण्याएवढा सेल बदलावा. तो मरतो तेव्हा संगणकाचे घड्याळ दर वेळी मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते. तारीख चुकली की बँकेची संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणतात आणि अद्ययावतीकरणेही अडतात. चहापाण्याच्या खर्चात बदलणाऱ्या या सेलपायी पूर्ण संगणक भंगारात गेल्याचीही उदाहरणे असतात.

दिवस निवडतानाही व्यापाऱ्याची नजर हवी. मासिक जीएसटी विवरणपत्रे भरणाऱ्यांनी ११ आणि २० तारखेच्या आसपास हे काम काढू नये. बाजार बंद असलेला दिवस धरावा. यूपीएस चालू आहे ना, हे पाहावे. कारण कार्यप्रणाली बदलत असताना वीज गेली, तर संगणक अर्ध्या वाटेवर अडकतो. डिस्कवर पंचवीस-तीस जीबी जागा मोकळी असावी. आधी विंडोज, मग ड्रायव्हर, मग ब्राउझर आणि शेवटी टॅली, या क्रमाने जावे. प्रत्येक टप्प्यानंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, म्हणजे बिघाड झालाच तर तो कोणत्या पायरीवर झाला हे कळते.

पुढे तीन वाटा

‘विंडोज १०’वरील संगणकापुढे आता तीन वाटा आहेत. पहिली वाट ‘विंडोज ११’ची. त्यासाठी किमान चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय, ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षाचिप आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्राम आपला संगणक बसतो की नाही हे सांगतो. टीपीएम नाही असे उत्तर आले, तरी २०१८ नंतरच्या संगणकात ती सोय पुष्कळदा असते, केवळ बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. ती सुरू केली की काम भागते. अटी चुकवून ‘विंडोज ११’ चढविण्याच्या युक्त्या अनेक जण सांगतात. हिशेबाच्या संगणकावर त्या करू नयेत.

दुसरी वाट मुदतवाढीची. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत केवळ सुरक्षेची ठिगळे देण्याची योजना जाहीर केली. तीस डॉलर किंवा स्थानिक चलनात तेवढी रक्कम भरून, कंपनीचे एक हजार रिवॉर्ड गुण देऊन, अथवा सेटिंग आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून तिच्यात सामील होता येते. संगणकावर ‘विंडोज १०’ची ‘२२एच२’ ही शेवटची आवृत्ती असणे आवश्यक आहे. चोरून सक्रिय केलेल्या विंडोजचा हिशेब मात्र इथे उघडा पडतो. ज्या ‘ॲक्टिव्हेटर’ने ती सक्रिय केली जाते, त्यातूनच पुष्कळदा विषाणू घरात शिरतो. हजारो पोत्यांचा व्यवहार ज्यावर चालतो, त्या पायाला चोरीची वीट नसावी.

तिसरी वाट लिनक्सची. ‘लिनक्स मिंट’सारखी कार्यप्रणाली मोफत आहे आणि चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर समाधानाने चालते. पत्रव्यवहार, वाचन, छायाचित्रे, मुलांचा अभ्यास यांना ती पुरेशी आहे. टॅली मात्र विंडोजसाठी बनविलेली आहे, त्यामुळे पेढीच्या मुख्य संगणकासाठी ही वाट सहसा सोयीची ठरत नाही.

या सर्वांत एक सावधगिरी कधीही सोडू नये. अद्ययावतीकरण नेहमी संगणकाच्या सेटिंगमधून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करावे. ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी खिडकी पडद्यावर उघडली, तर ती खात्रीने फसवणूक असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून दुरून संगणक हाताळू देणारे ॲप बसवू नये. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता अधिक.

अण्णांच्या संगणकातील प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, म्हणून पहिली वाट बंद होती. घराने दुसरी धरली. एसएसडी आणि रॅम बसली, ‘२२एच२’ चढली, मुदतवाढ नोंदविली गेली. वर्षभरात हिशेबासाठी नवा संगणक घ्यायचा आणि हा लिनक्स घालून घरातील मुलांना द्यायचा, असे ठरले. संगणक आता एका मिनिटात सुरू होतो. अण्णांना चहा आधी घ्यावा लागतो, एवढीच काय ती गैरसोय.

मात्र काम संपल्याचे त्यांनी लगेच मान्य केले नाही. “माझं २०१३चं पहिलं पान दाखव. या पेटीत नको, तुझ्या लॅपटॉपवर,” ते म्हणाले. नातीने प्रत उघडली. वर्षाची आरंभीची शिल्लक पडद्यावर आली. अण्णांनी माळ्यावरून त्या वर्षाच्या आधीची, शेवटची कागदी चोपडी उतरवून घेतली, चष्मा लावला आणि अखेरच्या पानावरील आकडा बोट ठेवून ताडून पाहिला. ताळा जमला.

मग त्यांनी त्याच चोपडीच्या उरलेल्या कोऱ्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिले: प्रत कोठे आहे, कोणी घेतली, कोणी उघडून पाहिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या पानावर आता एक ओळ वाढते.